नेट नसलेल्या अभ्यासिकेत वेबसाइट चालवायची आहे? या चुका टाळा

गोवंडीच्या गल्लीतली पत्र्याची अभ्यासिका असो की आरेतला एखादा पाडा, मुंबईत राहूनही नेट धड चालत नाही अशा जागा आहेत. तिथे विकिपीडिया, पाठ्यपुस्तकं किंवा एखादी उपयोगी वेबसाइट छोट्या संगणकात भरून वायफायवरून मुलांच्या फोनपर्यंत पोचवता येते. सामान मोजकंच लागतं: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’ किंवा ‘डबा’), १२८ जीबीचं मेमरी कार्ड, ५ व्होल्ट ३ अँपियरचा ॲडॉप्टर, वायफाय राउटर, लॅन केबल आणि नेटशिवाय विकिपीडिया वगैरे दाखवणारं किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर. लॅमिंग्टन रोडच्या एका फेरीत सगळं हाती येतं. खरी अडचण पुढे सुरू होते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. तपासणी घरी झालेली असते, नेट चालू ठेवून, स्वतःच्या लॅपटॉपवर.

साइट उतरली असं वाटतं, पण उतरलेली नसते

एचटीट्रॅक किंवा डब्ल्यूगेट या साइटची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने साइट उतरवली आणि उघडून पाहिली की सगळं झकास दिसतं. पण फॉन्ट, चित्रं आणि यूट्यूबचे व्हिडिओ त्या क्षणीही बाहेरूनच येत असतात. नेट गेलं की पान उघडं पडतं. म्हणून वायफाय बंद करा, केबल काढा, ब्राउझरची साठवण (कॅशे) पुसा आणि मगच पान उघडा.

डब्ल्यूगेट वापरताना पूर्ण प्रत काढणाऱ्या ‘मिरर’ पर्यायासोबत ‘पेज-रिक्विझिट्स’, ‘कन्व्हर्ट-लिंक्स’ आणि ‘ॲडजस्ट-एक्स्टेन्शन’ हे तिन्ही पर्याय लावा. पहिल्याने चित्रं आणि सजावटीच्या फायली येतात, दुसऱ्याने दुवे तुमच्या प्रतीकडे वळतात, तिसऱ्याने फाईलला योग्य शेपूट लागतं. ‘नो-पॅरेंट’ विसरलात तर एक विभाग मागायला जाल आणि अख्खी साइट येईल. ‘वेट’, म्हणजे दोन फायलींमधली विश्रांती, १ सेकंद ठेवा. समोरचा सर्व्हर लहान असेल तर त्याच्यावर भार टाकणं बरं नाही.

मराठी साइटवर आणखी एक गोष्ट हमखास नडते. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. तेच पत्त्यात टक्केचिन्हांनी लिहिलं की ९ अक्षरं होतात. लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम २८ चिन्हांत नाव संपतं. मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही त्यात मोजले जातात. लांब मथळ्यांची पानं नेमकी इथेच गळतात किंवा नाव तुटून दुवा मरतो. डब्ल्यूगेटच्या ‘रिस्ट्रिक्ट-फाईल-नेम्स’ला ‘नोकंट्रोल’ हे मूल्य दिलं की देवनागरी नावं न बिघडता साठतात.

जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या, म्हणजे पान ब्राउझरमध्येच घडवणाऱ्या, साइटला हे दोन्ही प्रोग्राम पुरत नाहीत. तिथे झिमिट हे सॉफ्टवेअर वापरा, ते साइटची झिम फाईल बनवतं, म्हणजे किविक्स उघडू शकतं अशी एकच बंद फाईल. मात्र झिमिटच्या पहिल्या आवृत्तीतली फाईल असेल तर जपा. ती सर्व्हिस वर्करवर (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) चालते आणि ब्राउझर सर्व्हिस वर्करला फक्त एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) किंवा लोकलहोस्टवर (त्याच संगणकावर) परवानगी देतो. त्यामुळे लॅपटॉपवर फाईल उघडते आणि मुलाच्या फोनवर उघडत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ही अट राहिलेली नाही. फाईल नव्याने बनवून घ्या.

४ जीबीला अडकलेली कॉपी

३२ जीबीपर्यंतची कार्डं आणि बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये येतात. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, जागा कितीही रिकामी असो. कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, किंवा ते फक्त पायमध्येच राहणार असेल तर एक्स्ट४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये. झिम फायलींचे मिनी (लेखांची फक्त सुरुवात), नोपिक (चित्रांशिवाय) आणि मॅक्सी (सगळं) असे प्रकार मिळतात. इंग्रजी विकिपीडियाची चित्रांसह मॅक्सी फाईल १०० जीबीच्या आसपास जाते. १२८ जीबीच्या कार्डावर मग मराठीला, पाठ्यपुस्तकांना फारशी जागा उरत नाही. आधी मराठी मॅक्सी भरा, मग इंग्रजी नोपिक किंवा मिनी. डाउनलोड टॉरेंटने करा, कारण टॉरेंट आलेला प्रत्येक तुकडा स्वतः तपासतो. स्वस्तातलं ‘५१२ जीबी’चं कार्ड घेतलं असेल तर आधी एच२टेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासणारा प्रोग्राम चालवून ते काठोकाठ भरून पाहा. खोट्या क्षमतेच्या कार्डात फाईल जाते, पण परत वाचता येत नाही.

वायफाय दिसतं, पान येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की मागे खरंच नेट आहे का ते बघतो. नाही म्हटलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुमच्या डब्याचा पत्ता बाहेर शोधत बसतो. मुलांना सांगा: मोबाइल डेटा बंद, आणि ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का?’ असं फोनने विचारलं तर ‘हो’.

तरीही नाही उघडलं, तर पत्ता बघा. नुसतं नाव टाकलं की क्रोम स्वतःहून एचटीटीपीएसकडे वळू शकतो. फोनात प्रायव्हेट डीएनएस (नावावरून पत्ता शोधायची बाहेरची सेवा) लावलेलं असेल तर नाव सापडणारच नाही. म्हणून भिंतीवरच्या कागदावर नाव न लिहिता, सुरुवातीच्या एचटीटीपीसकट डब्याचा आयपी क्रमांक (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्यापुढचा आकडा) ठसठशीत लिहा.

वेगळा राउटर लावला असेल तर ‘एपी आयसोलेशन’ (जोडलेली उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) बंद आहे ना ते पाहा. ते चालू असलं, किंवा मुलं गेस्ट नेटवर्कवर असली, तर त्यांना राउटर दिसतो, डबा दिसेलच असं नाही. राउटर घ्याच, कारण पायच्या आतल्या वायफायवर अख्खा वर्ग बसवू नये. पाय आणि राउटर यांच्यात लॅन केबल टाका.

शोधलं तर सापडत नाही

‘शाळेत’ टाकलं म्हणून ‘शाळा’ मिळेलच असं नाही. किविक्सच्या शोधाला मराठीची विभक्ती सोडवता येत नाही. मूळ शब्द टाकायची सवय लावा. जुन्या पीडीएफ श्रीलिपी किंवा कृतिदेव वळणाच्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर त्यात शोध चालतच नाही. मजकूर कॉपी करून पाहा. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर ती फाईल युनिकोड नाही. तिचं नाव आणि विषय मात्र युनिकोडमध्ये द्या, म्हणजे निदान यादीत सापडेल.

वीज आणि उकाडा

फोनचा जुना चार्जर लावू नका. व्होल्टेज पडलं की कार्ड बिघडू शकतं. पाय ५ असेल तर ५ व्होल्ट ५ अँपियरचा ॲडॉप्टर हवा. ३ अँपियरवर तो यूएसबीला ६०० मिलिअँपियरच देतो आणि हार्ड डिस्क मध्येच सुटते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पाय ४ तापून ८० अंशांना गेला की आपला वेग कमी करतो, म्हणून हीटसिंक (उष्णता ओढणारी धातूची पट्टी) लावा आणि डबा पत्र्यापासून लांब, भिंतीच्या खालच्या अंगाला ठेवा. संध्याकाळी कुणीतरी थेट बटण बंद करणारच, तेव्हा कार्डावरचा मजकुराचा भाग (पार्टिशन) फक्त-वाचनीय करून ठेवा.

नवी फाईल टाकताना

झिमच्या नावात वर्ष आणि महिना असतो. फाईल बदलली आणि किविक्सच्या लायब्ररी फाईलमध्ये (पुस्तकांच्या यादीत) जुनंच नाव राहिलं, तर पुस्तक यादीतून गायब होतं. नोंद बदला, सर्व्हर पुन्हा सुरू करा. अभ्यासिकेतल्या सगळ्यात जुन्या फोनवर, मोबाइल डेटा बंद करून, पाच-सहा पानं आणि दोन-तीन शोध तपासा. जुनी फाईल त्यानंतर पुसा.