फोटोत लाल-निळे ठिपके? हॉट पिक्सेल की नॉइज, घरीच चेक करा
लगेच सेन्सर (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप) गेला म्हणून घाबरू नका. लेन्सला कॅप लावा, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (शटर जास्त वेळ उघडं ठेवलेल्या फोटोतले ठिपके कमी करणारी सेटिंग) बंद करा, आयएसओ 100 वर 30 सेकंदांचे दोन-तीन रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढा आणि 100 टक्के झूम करून बघा, ठिपका दरवेळी त्याच जागी असेल तर हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा नको तेवढा उजळणारा बिंदू), जागा बदलत असेल तर नुसता नॉइज (फोटोत कुठेही उमटणारे दाणे). सेन्सर तापला की हे ठिपके वाढतातच, मे महिन्यात तर विचारूच नका. नॉइज रिडक्शन ऑन केलं की कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा अजून एक फोटो घेतो आणि ठिपके वजा करतो, पण मग स्टार ट्रेलमध्ये (एकामागोमाग फोटो काढून टिपलेल्या ताऱ्यांच्या रेषांत) गॅप पडतात, तिथे ते बंदच बरं. 1/100 सेकंदालाही ठिपका दिसला तर पिक्सेल मॅपिंग करा, म्हणजे कॅमेरा असे पिक्सेल शोधून शेजारच्या पिक्सेलवरून झाकतो, ऑलिंपसच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते मेन्यूतच असतं.