जुन्या सामानातून अंडी उबवण्याची पेटी

खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांना केवळ ऊब देत नाही. ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, त्यांना योग्य तेवढा ओलावा मिळू देते आणि थोडा वेळ उठून गेली तरी ती फार थंड होणार नाहीत याची काळजी घेते. घरी पेटी बनवताना आपल्याला ही सगळी कामे टाकाऊ वस्तूंकडून करून घ्यायची असतात. त्यांतले ऊब निर्माण करण्याचे काम सर्वांत सोपे, तर ती एकवीस दिवस एकसारखी राखण्याचे काम सर्वांत कठीण आहे. म्हणून पेटी देखणी करण्यापेक्षा मोजमाप अचूक करण्यावर अधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटीसाठी जाड भिंतींचे थर्मोकोलचे खोके उत्तम. बंद पडलेल्या लहान फ्रिजचा सांगाडाही चालतो, मात्र गॅस भरलेल्या नळ्या स्वतः कापू नयेत. ते काम फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे. झाकणात तळहाताएवढी चौकोनी खिडकी कापून तिथे जुन्या फोटोफ्रेमची काच बसवावी, कारण पेटी न उघडता आत पाहता येणे फार आवश्यक असते. याशिवाय जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा, निकामी राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, चिनीमातीचे दोन होल्डर, पत्र्याचा रिकामा डबा आणि जाळीचा तुकडा एवढे सामान बहुतेक घरांच्या माळ्यावर सापडते. विकत घ्यावा लागतो तो डिजिटल थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून बल्ब आपोआप चालू-बंद करणारे यंत्र, आणि आर्द्रतामापक. या दोन वस्तूंवर काटकसर करू नये.

उष्णतेसाठी तारेचे जुन्या पद्धतीचे बल्ब घ्यावेत. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही, कारण तो फारच कमी उष्णता देतो. लहान खोक्याला एक ४० वॅटचा बल्ब पुरतो, परंतु २५ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडणे मला अधिक पसंत आहे. मध्यरात्री एक बल्ब गेला तरी दुसरा पेटी पूर्ण थंड होऊ देत नाही आणि सकाळपर्यंत वेळ मिळतो. थर्मोकोल उष्णतेने वितळते आणि पेटही घेते, म्हणून बल्ब भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर दूर ठेवावेत आणि त्यांच्याभोवती भोके पाडलेला पत्र्याचा डबा उभा करावा. या डब्याला अर्थिंगची तार जोडणे टाळू नये. डब्यामुळे बल्बचा थेट प्रकाश आणि झळ अंड्यांवर पडत नाही आणि पुढे पिल्लेही भाजत नाहीत.

जोडणी करताना थर्मोस्टॅटच्या रिलेमधून, म्हणजे त्यातल्या आपोआप चालणाऱ्या स्विचमधून, फेजची तार न्यावी, न्यूट्रलची नव्हे. थर्मोस्टॅटच्या उघड्या सर्किट बोर्डाच्या मागच्या बाजूला घरगुती वीज खेळत असते, त्यामुळे तो बोर्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून पेटीच्या बाहेर बसवावा. विजेचे काम सवयीचे नसेल, तर एवढा भाग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावा. पंखा मात्र थर्मोस्टॅटवर अवलंबून ठेवू नये. तो अडॅप्टरवर अखंड चालू राहिला पाहिजे, नाहीतर बल्ब बंद होताच गरम हवा वर साचते आणि एकाच जाळीवरची अंडी वेगवेगळ्या तापमानात राहतात.

पंखा असलेल्या पेटीत कोंबडीच्या अंड्यांसाठी तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसेल, तर अंड्यांच्या वरच्या कडेच्या पातळीवर ते सुमारे ३८.५ अंश असावे लागते. स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये बल्ब बंद होणे आणि पुन्हा सुरू होणे यांतला फरक बहुधा २ अंशांवर ठेवलेला असतो, तो ०.३ अंशांपर्यंत खाली आणावा. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, परंतु डब्याच्या झळीपासून दूर टांगावा. पाण्याने भरलेल्या दोन-तीन बाटल्या पेटीच्या कोपऱ्यांत ठेवल्यास त्या उष्णता धरून ठेवतात आणि झाकण उघडल्यावर तापमान कोसळत नाही.

मोजमापाचा आग्रह मी अनुभवातून धरतो. माझ्या पहिल्या पेटीतला तापमापक प्रत्यक्षापेक्षा सव्वा अंश कमी दाखवत होता आणि त्याची शहानिशा मी केली नव्हती. पिल्ले एकोणिसाव्या दिवशीच बाहेर येऊ लागली. ती अशक्त होती, काहींच्या बेंब्या नीट मिटल्या नव्हत्या आणि निम्मी अंडी तर फुटलीच नाहीत. उष्णता जास्त झाली की वाढ घाईने होते, आणि जादा उष्णता कमी उष्णतेपेक्षा लवकर जीव घेते. तेव्हापासून मी तापमापक आणि विश्वासाचा डिजिटल ताप मोजायचा थर्मामीटर एकत्र कोमट पाण्यात धरून, साधारण ३७.५ अंशांजवळ दोन्ही आकडे ताडून पाहतो. आर्द्रतामापकासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि मापकासह बंद पिशवीत आठ-दहा तास ठेवावे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक जितका चुकतो तितका फरक कागदावर लिहून पेटीवरच चिकटवावा.

पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. ती पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून वाढवायची असल्यास भांडे अधिक पसरट घ्यावे किंवा पाण्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवावा. हवेसाठी खाली दोन आणि वर दोन अशी सुमारे एक सेंटिमीटरची भोके पाडावीत. ओलावा टिकावा म्हणून ती बुजवण्याचा मोह होतो, पण शेवटच्या दिवसांत कवचातल्या पिल्लाला प्राणवायूची सर्वाधिक गरज असते.

अंडी ठेवण्यापूर्वी पेटी किमान दोन दिवस रिकामी चालवावी. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी, तडा गेलेली किंवा धुतलेली नसावीत. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवावीत. संख्या विषम ठेवल्याने रात्रीचा लांब पल्ला रोज वेगळ्या कुशीवर जातो. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ आतल्या पडद्याला चिकटू शकतो.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंडे मोबाइलच्या टॉर्चवर धरावे. बोथट टोकाशी हवेची पोकळी फिकट उजळते आणि तिच्या खाली तांबूस उजेडात केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले दिसते. त्याच्या मध्यावरचा काळा ठिपका क्षणभर हलतो आणि पुन्हा स्थिर होतो. हे पाहताना अंडे अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ धरू नये, हे मला दर वेळी स्वतःला बजावावे लागते. जे अंडे आरपार स्वच्छ दिसते ते वांझ, आणि ज्यात रक्ताचे नुसते कडे दिसते त्यातला गर्भ मेलेला असतो; अशी अंडी काढून टाकावीत, नाहीतर ती आत कुजून फुटतात. वीज गेल्यास पेटी जाड गोधडीने झाकावी आणि उघडू नये. काही तासांच्या थंडाव्याने सर्व अंडी वाया जात नाहीत.

अठराव्या दिवशी फिरवणे थांबवावे, जाळीवर खरखरीत कापड अंथरावे, म्हणजे पिल्लांचे पाय घसरणार नाहीत, आणि आर्द्रता वाढवून झाकण बंद करावे. कवचाला पहिला टवका गेल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत चोवीस तासही लागू शकतात. या काळात मदतीसाठी कवच सोलू नये, कारण पडदा कोरडा पडून पिल्लाला चिकटतो आणि रक्तवाहिन्या अजून आटलेल्या नसतात. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यामुळे ते एक-दोन दिवस अन्नपाण्याविना राहू शकते. पिसे पूर्ण वाळून फुलली की त्याला पहिल्या आठवड्यासाठी ३२ ते ३५ अंशांच्या उबदार खोक्यात हलवावे आणि पहिल्याच तासात त्याची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवावे.