सेवाव्रतीचा स्मृतिलेख कसा लिहावा : पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या आधाराने

एखाद्या सेवाभावी संस्थेची धुरा अनेक वर्षे वाहिलेली व्यक्ती निवर्तली, की शोकसभेसाठी किंवा पहिल्या स्मृतिदिनाच्या स्मरणिकेसाठी कोणाला तरी लेख लिहावा लागतो. हे काम बहुधा संस्थेच्या चिटणिसांकडे, घरातल्या लेकी-सुनांकडे किंवा जुन्या विद्यार्थ्यांकडे येते, आणि हाताशी वेळ थोडा असल्यामुळे लेखाचे तीन ठरलेले परिच्छेद पडतात : पहिल्यात कुटुंबवत्सलता, दुसऱ्यात ईश्वरनिष्ठा, तिसऱ्यात समाजकार्य. असे कप्पे पाडले की माणूस हरवतो, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी आयुष्य सेवेला वाहिले, त्यांच्या बाबतीत घर, श्रद्धा आणि काम एकमेकांतून उगवलेले असतात, आणि तो संबंध शोधून दाखवणे हेच स्मृतिलेखाचे मुख्य काम आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण यासाठी फार उपयोगी पडते. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून आपल्या मुलीला. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण यांचे निधन झाले, आणि त्या धाकट्या वयात भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर देशभर पायी हिंडल्या. पुढे सुमारे वीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व विधवांना सोबत घेऊन आल्या आणि पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरील केडगाव येथे त्यांनी मुक्ती सदन उभे केले. त्या उपाशी मुलींकडे पाहताना आपली स्वतःची उपासमार आठवली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ‘त्यांनी दुष्काळग्रस्तांची सेवा केली’ या वाक्यात ही गोष्ट कुठेच येत नाही. म्हणून लिहिण्याआधी पहिला प्रश्न असा विचारावा : हे काम याच व्यक्तीने, याच गावी, याच वर्षी का हाती घेतले? उत्तर बहुतेक वेळा घरात सापडते. एखाद्या आजारपणात, सावकाराच्या कर्जात किंवा अकाली विधवा झालेल्या आत्याच्या खोलीत.

साहित्य गोळा करताना आठवणींच्या आधी कागद पाहावेत. वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्ते, हिशेबवह्या, जुनी पावतीपुस्तके आणि पत्रव्यवहार यांतून तारखा पक्क्या होतात. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदणीचे कागद, विश्वस्तांमधील बदलांचे अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब यांवरून त्या व्यक्तीने केव्हा कोणती जबाबदारी स्वीकारली हे निश्चित करता येते. हिशेबवही तर फार बोलकी असते. ज्या वर्षी देणग्या आटल्या त्या वर्षी प्रथम कोणता खर्च कमी केला आणि कोणता मुळीच कमी केला नाही, हे पाहिले की त्या व्यक्तीच्या मनातला अग्रक्रम कळतो, आणि असे एक वाक्य ‘त्यागमूर्ती’ या विशेषणापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.

त्यानंतर माणसे भेटावीत. विश्वस्त आणि देणगीदार यांच्याकडे सर्वजण जातात. आपण स्वयंपाकघरात, फाटकावरच्या राखणदाराकडे, वसतिगृहाच्या अधीक्षिकेकडे आणि बाहेर पडून संसाराला लागलेल्या जुन्या मुलींकडेही जावे. ‘त्या कशा होत्या?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘फार मोठ्या मनाच्या होत्या’ एवढेच मिळते. ‘त्या तुमच्यावर कधी रागावल्या होत्या?’, ‘संस्थेत आलेल्या पहिल्या रात्री तुम्हाला कोणी जेवायला वाढले?’ असे विचारले की प्रसंग मिळतात.

येथे एक बंधन काटेकोरपणे पाळावे. संस्थेत वाढलेल्या मुलांची, आश्रयाला आलेल्या स्त्रियांची किंवा आजारामुळे दुरावलेल्या माणसांची नावे व छायाचित्रे त्यांच्या स्पष्ट संमतीखेरीज छापू नयेत. संरक्षणाखालील अल्पवयीन मुलाची ओळख उघड करण्यास तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. ज्यांच्या सन्मानासाठी ती व्यक्ती झिजली, त्यांचाच सन्मान तिच्या स्मरणिकेत ढळू नये.

श्रद्धेविषयी लिहिणे सर्वांत अवघड असते, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. ‘त्या अत्यंत श्रद्धाळू होत्या’ हे विधान कोणालाही लागू पडते. श्रद्धा आचारातून दाखवावी. वारकरी असतील तर वारीच्या दिवसांत संस्थेचे काम कोणाकडे सोपवून जात, मुसलमान असतील तर जकात, म्हणजे धर्माने सांगितलेले दान, काढताना संस्थेबाहेरच्या कोणत्या घरांची आठवण ठेवत, देणगी नाकारताना कोणते तत्त्व सांगत, हे लिहावे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु केवळ एवढेच सांगणारा लेख अपुरा राहील, कारण तेथेही त्या शाकाहारीच राहिल्या, धर्ममतांविषयी आपल्या वडीलधाऱ्या जोगिणींशी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींशी, पत्रांतून निर्भीडपणे वाद घालत राहिल्या, आणि क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असण्याऐवजी संस्कृतमध्ये का नसावीत, असे त्यांनी विचारले. या एका प्रश्नात त्यांचे वडील, त्यांची आई आणि त्यांचा नवा देव एकत्र दिसतात.

श्रद्धेमुळे वाद झाला असेल तर तो गाळू नये. मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन, म्हणजे रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेली शाळा व वसतिगृह, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि सदनातील काही मुली तेथे येऊन बसत. यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. स्मृतिलेखकाने येथे वकिली करू नये आणि निवाडाही देऊ नये. पालकांना भय कशाचे वाटले हे त्यांच्या बाजूने समजून लिहावे, आणि रमाबाईंना दार बंद करून प्रार्थना करणे का मान्य नव्हते, हेही तितक्याच आस्थेने लिहावे. वाद दडवला तर वाचक उरलेल्या कौतुकावरही विश्वास ठेवीत नाही.

कुटुंबाविषयी लिहिताना घरच्यांनी काय दिले आणि काय सोसले, या दोन्ही गोष्टी याव्यात. रमाबाईंचा विवाह १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झाला. १८८२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा कन्या मनोरमा तान्ही होती. ती आईबरोबर इंग्लंडला गेली, पुढे आईचीच सहकारी झाली, आणि जुलै १९२१ मध्ये आईच्या हयातीतच वारली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचेही निधन झाले. शेकडो मुलींच्या आईने आपली एकुलती एक मुलगी गमावली, हे लिहिताना अलंकार वापरण्याची गरज नाही. तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या तरी पुरे. आजच्या संस्थाचालकांच्या मुलांनाही विचारावे की सणावारी आई किंवा वडील कोठे असत, घरखर्च कोण चालवी, आणि कोणत्या गोष्टीची खंत अजून आहे. जे सांगितले जाईल ते त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापू नये.

सेवेचे मोजमाप करताना इमारती आणि पुरस्कार यांची यादी देण्याचा मोह होतो. रमाबाईंना १९१९ साली कैसर-ए-हिंद पदक मिळाले, ही नोंद एका ओळीत आटोपावी. त्याऐवजी शारदा सदनात सुरुवातीलाच दाखल झालेल्या गोदूबाई या तरुण विधवेचा पुढचा प्रवास सांगावा. तिचा विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, ती आनंदीबाई कर्वे झाली, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जो आश्रम काढला त्याच्या उभारणीत ती आयुष्यभर झटली. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेला कसे पाठबळ मिळाले, हे या एका नावातून उलगडते. आपल्या लेखातही अशा एखाद्या माणसाचा माग शेवटपर्यंत घ्यावा. वीस नावे ओझरती घेण्यापेक्षा ते बरे.

भाषेबद्दल थोडक्यात. ‘दीपस्तंभ’, ‘वटवृक्ष’, ‘पोकळी कधीही न भरून येणारी’ हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर येऊ द्यावेत, पण दुसऱ्या मसुद्यात प्रत्येकाच्या जागी एक घडलेली गोष्ट लिहावी. गोष्ट सापडली नाही तर ते वाक्यच काढून टाकावे. व्यक्तीचे स्वतःचे बोलणे उद्धृत करायचे असेल तर ते पत्रात, भाषणात किंवा इतिवृत्तात लिहिलेले असावे. ऐकीव असेल तर अवतरणचिन्हे न घालता कोणी सांगितले ते नमूद करावे. देणगीचे आवाहन लेखाच्या शेवटी जोडू नये. ते स्मरणिकेत स्वतंत्र पानावर द्यावे. शोकसभेत वाचायचा मजकूर छापील लेखाच्या निम्म्याहून कमी असावा, आणि त्यात वादाचा भाग घ्यायचा की नाही हे घरच्यांशी बोलून ठरवावे. छापील लेखात मात्र तो असावाच.

लेख पूर्ण झाल्यावर जमवलेली पत्रे, छायाचित्रे आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती घरोघरी परत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढाव्यात, प्रत्येकीवर तारीख व व्यक्तीचे नाव लिहावे, आणि एक संच संस्थेच्या कार्यालयात व एक संच कुटुंबाकडे ठेवावा.