क्लायंटकडेच नोकरी मिळतेय? राजीनाम्याआधी दोन्ही करार पाहा

एकाच क्लायंटच्या प्रोजेक्टवर दोन-तीन वर्षं काम केलं, की कधीतरी तिथला मॅनेजर विचारतो, ‘आमच्याकडेच का नाही येत?’ काम ओळखीचं, माणसं ओळखीची, पगारही बरा. मग अपॉइंटमेंट लेटरमधली ओळ आठवते: नोकरी सोडल्यावर बारा महिने कंपनीच्या कोणत्याही ग्राहकाकडे काम करणार नाही. काही जण तेवढ्यावर घाबरून संधी सोडतात. काही जण ‘असल्या अटी कोर्टात टिकत नाहीत’ एवढं ऐकून राजीनामा टाकतात आणि नंतर क्लायंटच ऑफर मागे घेतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण तोवर दोन्ही नोकऱ्या हातच्या गेलेल्या असतात.

आधी तुमचे कागद

ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, गोपनीयतेचा करार, ट्रेनिंग बाँड, पगारवाढीची पत्रं, सगळं एकत्र काढा. ‘कंपनीची धोरणं लागू राहतील’ असं कुठे लिहिलेलं असेल, तर ते धोरणाचं पुस्तकही. अट बहुतेकदा भलत्याच कागदात सापडते.

आता शब्द नीट वाचा. स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट वेगळी, ग्राहक फोडून न नेण्याची वेगळी आणि ग्राहकाकडे नोकरी न करण्याची आणखी वेगळी. या तिन्ही अटी एकच समजून माणसं उगाच धास्तावतात. क्लायंट हा सहसा तुमच्या कंपनीचा स्पर्धक नसतो, त्यामुळे नुसती स्पर्धेची अट असेल तर ती इथे लागूच होत नाही, असं होऊ शकतं. ‘ग्राहकाला गळ घालणार नाही’ अशी अट असेल, तर आधी कोणी कोणाला विचारलं हे महत्त्वाचं ठरतं. क्लायंटने स्वतःहून विचारल्याचा मेसेज असेल तर जपून ठेवा. मात्र ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कोणतीही सेवा देणार नाही’ असे शब्द असतील, तर त्यात नोकरीही येते, असा युक्तिवाद कंपनी करू शकते.

ग्राहक म्हणजे कोण, हेही पाहा. कंपनीचे सगळे ग्राहक, की शेवटच्या वर्षात तुम्ही ज्यांचं काम केलं तेवढेच? मुदत शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजायची, की त्या क्लायंटचं काम थांबल्यापासून? प्रोजेक्ट सुटून आठ महिने झाले असतील, तर या एका वाक्यावर सगळं फिरतं.

मग तो करार, जो तुम्ही पाहिलेलाच नाही

तुमच्या कंपनीत आणि क्लायंटमध्येही करार असतो, आणि ‘एकमेकांची माणसं घेणार नाही’ ही अट त्यात बऱ्याचदा असते. त्यावर तुमची सही नसते, पण माझ्या मते खरी अडचण इथेच असते. तुमच्यावरची अट कायद्यापुढे लंगडी पडली, तरी ही उभी राहू शकते. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये विप्रो आणि बेकमन कूल्टर यांच्या वादात हाच फरक केला. एकमेकांचे कर्मचारी न ओढण्याची दोन कंपन्यांमधली अट म्हणजे कर्मचाऱ्याच्या रोजगारावरची बंदी नव्हे, असं न्यायालयाने धरलं. म्हणजे तुम्ही मोकळे, पण तुम्हाला घेणारा क्लायंट भरपाईच्या दाव्यात अडकू शकतो. एवढी जोखीम त्यांचा लीगल विभाग सहसा पत्करत नाही.

म्हणून मॅनेजरच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. थेट विचारा: ‘तुमच्या आणि आमच्या कंपनीच्या करारात माणसं घेण्यावर बंधन आहे का? असेल तर परवानगी कोण मिळवणार आणि फी लागलीच तर कोण भरणार?’ मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांच्या करारात ठरावीक रक्कम भरून माणूस कायम करून घेण्याची सोय अनेकदा असते. ती रक्कम क्लायंटने भरायची असते. तुमच्या पगारातून वळती होणार नाही, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

कायदा कुठला लागतो?

देश बदलला की उत्तर बदलतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसाय करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. नोकरी सुटल्यानंतरची बंदी त्यामुळे इथे सहसा टिकत नाही. पण नोकरीत असतानाचं बंधन टिकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गोलिकरी खटल्यात ते मान्य केलं. बाँडची गोष्टही निराळी. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट त्याच न्यायालयाने उचलून धरली.

कॅलिफोर्नियात नोकरी सुटल्यानंतरची बंदी जवळपास पूर्ण निषिद्ध आहे. इंग्लंडमध्ये कंपनीचं रास्त हित जपण्यापुरती आणि वाजवी असेल तरच ती चालते. जर्मनीत नोकरीनंतर स्पर्धा न करण्याची अट जास्तीत जास्त दोन वर्षं चालते आणि त्या काळात शेवटच्या मोबदल्याच्या निम्मी रक्कम तरी कंपनीला द्यावी लागते. एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांना युरोपीय संघाचा २००८ चा निर्देश उपयोगी पडतो. एजन्सीचं काम संपल्यावर त्याच ठिकाणी कायम नोकरी धरायला मनाई करणारी अट त्यानुसार रद्द होते किंवा करता येते. एका वकिलाला दोन तास बसून कागद दाखवण्याचा खर्च इथे करावाच.

परवानगी मागा, लेखी

क्लायंटची लेखी ऑफर हाती आली, पण सही अजून केलेली नाही, हीच कंपनीशी बोलायची वेळ. आधी वरिष्ठांशी समोरासमोर बोला, त्याच दिवशी मेल पाठवा. मजकूर साधा ठेवा:

‘मला अमुक क्लायंटकडून नोकरीचा प्रस्ताव आला आहे. माझ्या करारातलं अमुक कलम या प्रस्तावाला लागू करणार नाही, असं कंपनीने लेखी कळवावं ही विनंती. हातातलं काम मी नोटीस पिरियडमध्ये पूर्ण सोपवेन आणि गोपनीयतेच्या अटी पुढेही पाळेन.’

ही अट बेकायदा आहे, हे पहिल्याच मेलमध्ये लिहू नका. तो मुद्दा खरा असला तरी राखून ठेवा. क्लायंट जाऊ नये अशी कंपनीची इच्छा असते, आणि त्याच्या घरात तुमच्यासारखा माणूस असणं तिलाही फायद्याचं ठरू शकतं. पूर्ण नकार आला तर मधला मार्ग सुचवा: मुदत तीन महिन्यांवर आणणं, किंवा सुरुवातीला क्लायंटच्या दुसऱ्या विभागात काम करणं. होकार मिळाला तर तो क्लायंटकडे पोहोचवा आणि त्यांच्याकडूनही लेखी पोच घ्या. राजीनामा त्यानंतरच.

जाताना

नोटीस पिरियडमध्ये तुम्ही अजून कंपनीचेच आहात. संध्याकाळी क्लायंटचं ‘थोडंसं’ काम करू नका, टीममधल्या कोणाला ‘तूही चल’ म्हणू नका, नव्या नोकरीचा पत्रव्यवहार कंपनीच्या लॅपटॉपवरून करू नका. आणि फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू नका, अगदी स्वतः बनवलेल्यासुद्धा. क्लायंटकडे जाण्याबद्दल तक्रार करायला कंपनीला कठीण जातं, पण शेवटच्या आठवड्यात बाहेर गेलेल्या शंभर फाइली दाखवणं फार सोपं असतं.

रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि फुल अँड फायनलचा हिशेब मागून घ्या. ‘देणं बाकी नाही’ अशा कागदावर सही करताना त्यात एखादी नवी अट घुसवलेली नाही ना, ते वाचा. पुढे लीगल नोटीस आलीच, तर फोनवर काही बोलू नका. तारीख टिपा, नव्या कंपनीच्या एचआरला त्याच दिवशी कळवा आणि उत्तर वकिलाकडून जाऊ द्या.