‘रॉयल्टी-फ्री’ ढोल आणि आपले पहिले गाणे

सॅम्पल, म्हणजे आधीच मुद्रित केलेले आवाजाचे तुकडे, जोडून गाणे रचू पाहणाऱ्या नवोदिताला टेम्पो आणि मिक्सिंग शिकवणारे पुष्कळ भेटतात. सॅम्पलचा परवाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावणारा क्वचितच भेटतो. रचनेचे प्राथमिक ज्ञान वाचकाला आहे असे मी धरून चालतो आणि थेट परवान्याकडे वळतो, कारण माझे पहिले गाणे तिथेच अडकले.

त्या गाण्याच्या मुखड्याखाली नाशिक ढोलाचा एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, होता. तो पैसे भरून घेतलेल्या सॅम्पलच्या पॅकमधला होता आणि पॅकवर ‘रॉयल्टी-फ्री’ असे स्पष्ट लिहिलेले होते. तरीही गाणे यूट्यूबवर चढवताच कंटेंट आयडीचा, म्हणजे नोंदवलेल्या गाण्यांशी जुळणारे आवाज आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला. दाव्यात दाखवलेला तुकडा ऐकला, तेव्हा त्यात तोच ढोल होता आणि आवर्तनाच्या शेवटी किंचित उशिरा पडणारा टिपरूचा तोच ठोकाही होता. दावेदाराने तोच पॅक विकत घेतला होता आणि आपले गाणे वितरकामार्फत (गाणी ऑनलाइन मंचांवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत) कंटेंट आयडीत नोंदवून ठेवले होते.

‘रॉयल्टी-फ्री’चा अर्थ एवढाच, की प्रत्येक वापरासाठी पुन्हा मोबदला द्यावा लागत नाही. लूपची मालकी आपल्याकडे येत नाही आणि तोच लूप शेकडो जणांना विकण्याचा विक्रेत्याचा अधिकारही शाबूत राहतो. कंटेंट आयडीत मात्र ज्यावर आपला एकट्याचा हक्क आहे तेवढेच नोंदवता येते, असा यूट्यूबचाच नियम आहे. म्हणजे सर्वांना मिळणारा लूप उघडाच वाजत असेल, तर तो भाग नोंदवण्याचा अधिकार त्या दावेदारालाही नव्हता आणि मलाही नव्हता. वितरकाच्या अर्जात कंटेंट आयडीसमोरच्या चौकटीवर नवखे लोक उत्साहाने टिचकी मारून मोकळे होतात. असे लूप असतील तर ती चौकट रिकामीच ठेवावी.

दावा आला म्हणून घाबरून गाणे काढून टाकू नये. दावा म्हणजे स्ट्राइक, अर्थात चॅनेलवर येणारा कॉपीराइटभंगाचा ठपका, नव्हे. परवाना दाखवून हरकत नोंदवली की दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आणि ती पहिल्या ५ दिवसांत नोंदवली तर गाण्याचे उत्पन्न दाव्याच्या पहिल्या दिवसापासून राखून ठेवले जाते. मात्र त्यासाठी पावती आणि खरेदीच्या दिवशीच्या अटींची प्रत जवळ हवी, कारण संकेतस्थळावरील अटी पुढे बदलतात.

जुन्या ध्वनिमुद्रिकेतून तुकडा उचलायचा असेल, तर मामला याहून कठीण आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन स्वतंत्र कृती आहेत. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण विसाव्या शतकातील संगीतकाराने त्यांना लावलेली चाल सर्वांची असेलच असे नाही. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. आपल्या नाशिकचे कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या ओळींना २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. ध्वनिमुद्रण टाळून तीच चाल स्वतः वाजवली, तर मुद्रणाची परवानगी टळते, चालीची टळत नाही. ‘सात सेकंदांपर्यंत चालते’ असे छातीठोकपणे सांगणारे गुरू प्रत्येक गावात असतात. कायद्यात अशी कोणतीही सेकंदांची सवलत नाही. अशा गुरूंकडून मिक्सिंग जरूर शिकावे, कायदा शिकू नये. सूर वरखाली करून तुकडा ओळखू येईनासा करण्याची युक्तीही मला क्षुद्र वाटते. जे आपल्याला लपवावे लागते, ते गाण्यात असावेच कशाला?

खरे तर नाशिकमध्ये राहून ढोलाचा लूप विकत घेणेच मुळात विचित्र आहे. गणेशोत्सवाच्या आधी पथकांचा सराव संध्याकाळी मोकळ्या मैदानांवर चालतो आणि रीतसर विचारले तर बहुतेक पथके आनंदाने वाजवून देतात. माइक ढोलाच्या तोंडाशी धरला तर आवाज फाटतो. थोडे अंतर ठेवावे, आणि ताशा वेगळा वाजवून घ्यावा, नाहीतर नंतर दोन्ही सुटे करता येत नाहीत. पारंपरिक ठेका कुणा एकाचा नसतो, पण वाजवणाऱ्यांना कलावंत म्हणून ५० वर्षांचे स्वतंत्र हक्क असतात. म्हणून प्रत्येकाची लेखी संमती, मानधनाचा आकडा आणि श्रेयनामावलीत द्यायचे नाव एका कागदावर घ्यावे. ओळखीच्या मुलांकडून सही मागताना संकोच होतो, तरी ती त्याच संध्याकाळी घ्यावी. उत्सव संपला की पथके पांगतात आणि गाणे चालू लागल्यावर तोच कागद मिळवणे फार अवघड जाते.