आयपीएची चव घेताना: गोव्याच्या ब्रुअरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या क्राफ्ट ब्रुअरीत कामाला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. टेस्टिंगच्या टेबलावर बसलात की आधी लिहा, मग बोला. समोर हेड ब्रुअर असतात, त्यांच्या हाताखालून शेकडो बॅचेस गेलेल्या असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली की आपलं मतही तसंच वळतं. हे होऊ द्यायचं नाही. प्रश्न फक्त भिडेचा नाही. प्रत्येकाचं नाक वेगळं असतं. डायअसिटिल नावाचं एक द्रव्य बिअरला लोण्याचा, बटरस्कॉचचा वास देतं. काही माणसांना तो लगेच कळतो, काहींना बराच वाढेपर्यंत जाणवतही नाही. ज्याला जाणवत नाही तो नेमका सगळ्यांत अनुभवी माणूस असू शकतो. म्हणून तर टेबलाभोवती एकापेक्षा जास्त माणसं बसवतात. कालच रुजू झालेल्या मुलीने वहीत 'लोणी?' एवढंच लिहिलं, तरी ती बॅच पुन्हा तपासायला घेतात.

मी डिचोलीची. मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी केलं आणि बार्देशातल्या एका क्राफ्ट ब्रुअरीच्या गुणवत्ता विभागात लागले. आमच्याकडे सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ इथली बरीच मुलं येतात. फार्मा कंपन्यांना अर्ज करता करता त्यांना हा रस्ता सापडतो. त्यांना यीस्ट माहीत असतं, सूक्ष्मदर्शक माहीत असतो, पण चव घेणं हे काम आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

शिकायला आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडवट बिअर घ्या. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स (एका वेलीची कडू, सुवासिक फुलं), यीस्ट आणि पाणी, चौघांचंही काम तिच्यात दिसतं, आणि ती बिघडतेही लवकर. अमेरिकन पद्धतीच्या आयपीएचा कडवटपणा साधारण ४० ते ७० आयबीयू असतो, अमेरिकन लागर या सौम्य बिअरचा ८ ते १८. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-आल्फा आम्ल. हॉप्समधली आल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि मगच कडवट लागतात, म्हणून सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात. उकळण्याच्या शेवटी घातलेले आणि थंड झाल्यावर फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीत, घातलेले हॉप्स वास देतात. फर्मेंटरमध्ये हॉप्स घालण्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. एवढं डोक्यात पक्कं असलं की ग्लासमधली निम्मी कहाणी वाचता येते.

सकाळी दहा-अकराची वेळ चांगली. नाश्ता होऊन तास-दीड तास झालेला असावा, चहा-कॉफी नुकती घेतलेली नसावी, आणि अत्तर, डिओ, डोक्याला लावलेलं वासाचं तेल यांपैकी काही नको. ग्लास नुसत्या पाण्याने धुतलेला, साबणाचा अंश नसलेला. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास अस्वच्छ आहे असं समजा आणि बदला. ओतायची शंभर मिली, त्याहून जास्त नाही. बिअर बर्फगार नको. ७ ते १० अंशांच्या आसपास वास मोकळे होतात. ओतल्याबरोबर पहिला वास घ्या, कारण सगळ्यांत हलकी सुवासिक तेलं पहिल्यांदा उडून जातात. मग रंग, फेस, आणि शेवटी घोट. वाइनवाले थुंकतात, बिअरमध्ये छोटा घोट गिळायची पद्धत आहे, कारण गिळल्यानंतर कडवटपणा कसा उतरतो हेच तर बघायचं असतं. तो स्वच्छ येऊन निघून जातो, की जिभेच्या मुळाशी खरखरत बसतो? दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि पोईचा, म्हणजे गोव्याच्या पावाचा, साधा तुकडा.

वहीत 'छान' लिहायचं नाही. 'फ्रूटी' सुद्धा नाही, कुठलं फळ ते लिहा. पपनस, कच्ची कैरी, लिंबाची किसलेली साल, पिकून मऊ झालेला पेरू, राळ, ताजं कापलेलं लाकूड. परदेशी चवतक्त्यांत ग्रेपफ्रूट आणि पाइन सापडतात, पण आमच्या मुलांनी ती दोन्ही आयुष्यात हुंगलेली नसतात. पपनस मात्र परसात असतो. एका मुलाने एकदा 'कांदा चिरल्यासारखा' असं लिहिलं आणि बाजूला बसलेल्याने त्याला कोपराने ढोसलं. पण काही हॉप्सना, विशेषतः उशिरा खुडलेल्यांना, खरोखरच कांदा-लसणीचा वास असतो, आणि त्या दिवशीची चर्चा त्याच्या त्या ओळीवरच सुरू झाली. आमचे सर विचारतात तेही फक्त एवढंच, "काय रे, लिहिलंस ते वाच." मत मागाहून.

आता आयपीएमधला एक दोष जरा नीट सांगते, कारण नव्यांना तो हमखास चकवतो. ड्राय हॉपिंग झालं, वास सुरेख आहे, गुरुत्वाचं रीडिंग (बिअरची घनता, म्हणजे साखर किती उरली त्याचा अंदाज) स्थिर होतं म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण हॉप्सबरोबर थोडी एन्झाइम्सही येतात. यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्यांच्या शर्करा ती तोडतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. याला हॉप क्रीप म्हणतात. गुरुत्व आणखी उतरतं, अल्कोहोल वाढतं, आणि डायअसिटिलचं पूर्वद्रव्य नव्याने तयार होतं. या पूर्वद्रव्याला स्वतःचा वास नसतो. त्या दिवशी चव घेतलीत तर काही कळणार नाही. कॅन भरल्यावर, गोदामात, हळूहळू लोणी बाहेर येतं. यावर उपाय साधा आहे. नमुन्याचा एक भाग झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, थंड करायचा, आणि न तापवलेल्या भागाशेजारी ठेवून हुंगायचा. तापवलेल्यात लोणी आलं तर ते शोषून घेण्याचं यीस्टचं काम बाकी आहे, टँक थंड करायचा नाही. बाहेर ट्रक उभा असला, विक्रीवाल्यांचे फोन येत असले, तरी नाही. या चाचणीवर सही करणारा माणूस बहुतेकदा गुणवत्ता विभागातला सगळ्यांत धाकटा असतो. ही जबाबदारी मला फार मोलाची वाटते.

घरच्या घरी करण्यासारखे दोन प्रयोग सांगते. हिरव्या काचेच्या बाटलीतली कुठलीही बिअर घ्या, अर्धी उन्हात आणि अर्धी अंधारात ठेवा. आपल्या दुपारच्या उन्हात वेळ लागत नाही. उन्हातल्या बिअरला जो उग्र, जनावरी वास येतो तो प्रकाशामुळे हॉप्सच्या कडू द्रव्यांपासून तयार होतो. कॅनमध्ये हा प्रश्नच येत नाही. दुसरा प्रयोग महत्त्वाचा. इथल्याच एखाद्या आयपीएचे, समजा गोवा ब्रुइंग कंपनीच्या 'एट फिंगर एडी'चे किंवा आर्बरच्या 'बीच शॅक'चे, एकाच तारखेचे दोन कॅन घ्या. एक फ्रीजमध्ये, दुसरा स्वयंपाकघरातल्या फळीवर. काही आठवड्यांनी दोन्ही सारखे थंड करा आणि कोणाला तरी ओतायला सांगा, म्हणजे कुठला कुठला ते तुम्हाला कळणार नाही. फ्रीजमधल्यात साल आणि फळ उभं असेल. फळीवरच्यात कडवटपणा उरलेला, पण वर मध, ओला पुठ्ठा, वास खाली बसलेला. धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो. ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस, ३ अंशांना ३०० दिवस, बिअरचं नुकसान साधारण तेवढंच. मे महिन्यातलं म्हापशाचं गोदाम डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा, बिघाड ब्रुअरीत झाला की वाटेत.

आयपीएच्या नावातल्या 'इंडिया'विषयीही विचारतात. बाहेरगावचे पाहुणे ब्रुअरी बघायला येतात, तेव्हा जहाजातून भारतात टिकावी म्हणून ही बिअर शोधून काढली, अशी गोष्ट सगळे सांगतात. ती अर्धवट आहे. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान तिथून माल उधारीवर उचलत. जास्त हॉप्स घातलेली पेल एल आधीपासून होतीच, आणि काळी पोर्टरही भारतात येऊन पोचत होती. १८२० च्या दशकात इंग्लंडातल्या बर्टन गावच्या ऑलसॉप आणि मग बास या ब्रुअरींनी या बाजारात उडी घेतली. बर्टनच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे कडवटपणा कोरडा आणि धारदार उतरे. आजही पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घालतात ते त्याचसाठी. त्या पिंपांचा माल मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरायचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. आयपीए इथे रुजली ती अगदी अलीकडे, आणि तीही अमेरिकेच्या वाटेने. तिकडे १९७२ मध्ये कॅस्केड हा हॉप बाजारात आला आणि संत्र्या-लिंबाच्या वासाची ही नवी तऱ्हा सुरू झाली. आपल्याकडे हॉप्स थोडेफार हिमाचलच्या लाहौलमध्ये होतात. क्राफ्टवाल्यांचे बहुतेक परदेशातूनच येतात.

जेवणाबरोबर काय, यावर टेबलावर वाद होतात आणि ते होऊ द्यावेत. माझं मत असं की शाकुतीबरोबर कडक आयपीए नको. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखट वाढवतात. रवा लावून तळलेला बांगडा मात्र घ्या, तेलकटपणा झटकन निघून जातो.

शिक्षणाचं म्हणाल तर मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, केमिस्ट्री, फूड टेक, काहीही चालतं. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीत एमएस्सी करता येतं. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा नोकरी सांभाळून देणारे बरेच आहेत. बिअर वाढणं आणि ओळखणं या बाजूला जायचं असेल तर सिसरोनच्या परीक्षा. पण कुठलंही प्रमाणपत्र हातात असलं तरी पहिले काही महिने तुम्ही धुणार आहात. टँक, पाइप, केग (बिअरची पिंपं), फरशी. धुण्याच्या कॉस्टिकने भाजतं, जंतू मारायच्या पेरासिटिक आम्लाचा वास डोळ्यांत जातो, चष्मा आणि हातमोजे कोणी बघत नसलं तरी घाला. रिकाम्या दिसणाऱ्या फर्मेंटरमध्ये डोकं घालू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो, माणूस हाक मारायच्या आत कोसळतो.

आणि घरचे. 'दारूच्या कारखान्यात मुलगी?' हा प्रश्न आमच्याकडेही आला. माझ्या आईला मी एका रविवारी प्रयोगशाळा दाखवायला नेलं, तिने पेट्री डिश पाहिल्या आणि विचारलं, "म्हणजे तू दिवसभर जंतू शोधतेस?" तेव्हापासून शेजाऱ्यांना ती तेच सांगते, आणि ते खरंच आहे. पण काळजी त्यांनी करावी अशी बाजूही आहे, ती लपवू नये. रोज दारूजवळ असणाऱ्या धंद्यात सवय लागलेली माणसं मी पाहिली आहेत. टेस्टिंगचं माप ठरलेलं असतं, त्याच्या वर काम संपल्यावरही ब्रुअरीत घेऊ नये, टेस्टिंगच्या दिवशी स्कूटर घरी ठेवावी. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, त्याआधी प्रयोगशाळेत शिकता येतं, टेबलावर बसता येत नाही. ज्यांना प्यायचंच नाही त्यांनाही इथे पुष्कळ काम आहे. हुंगूनच निम्म्याहून जास्त दोष पकडता येतात.

मुलाखतीला जाल तेव्हा पगार आणि कामाच्या पाळ्या विचाराच, पण टेस्टिंग पॅनल किती वाजता बसतं, त्यात कोण कोण असतं आणि नोंदी कुठे ठेवतात हेही विचारा. जमलं तर मागच्या महिन्याची वही बघायला मागा. सगळ्या पानांवर एकाच हस्ताक्षरात एकच मत असेल तर मी तरी तिथे जाणार नाही. वेगवेगळी अक्षरं, खाडाखोड, आणि एखाद्या बॅचपुढे 'पाठवू नका' असं कोणा शिकाऊ मुलाने लिहिलेलं दिसलं, तर नोकरी घ्या.