घरची ब्रिटिश बिटर बिघडते कुठे? या चुका टाळा

लंडन प्राइड, कीथलीची लँडलॉर्ड, लुईसची हार्वीज ससेक्स बेस्ट. पबमधल्या हँडपंपातून येणाऱ्या या तिन्ही बिटर, म्हणजे कडवट चवीच्या ब्रिटिश बिअर, ४ ते ४.३ टक्के अल्कोहोलच्या. इतक्या सौम्य बिअरमध्ये दोष लपायला जागाच नसते. आयपीएसारख्या कडक बिअरमध्ये हॉप्सखाली (कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांखाली) जे दबून जातं, ते बिटरमध्ये पहिल्या घोटाला कळतं. तरीही घरची बिटर बिघडली की लोक आधी हॉप्स बदलतात. दोष बहुतेक वेळा पाण्यात, तापमानात नाहीतर घाईत असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. म्हणून पुढचं सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी.

हाताशी साधी रेसिपी ठेवू. २० लिटरसाठी मॅरिस ऑटर माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) ३.६ किलो, क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ४० ग्रॅम ६० मिनिटं उकळायला आणि २० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांसाठी, सेफेल एस-०४ यीस्टचं एक पाकीट. सुरुवातीची घनता (पाण्याची १ धरून; साखर आंबली की ती उतरते) १.०४१ च्या आसपास, शेवटची १.०१० ते १.०१२.

डेटॉलसारखा वास

हा वास आला की ती बिअर वाचत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळतं आणि क्लोरोफिनॉल तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की अगदी थोडंसंही नाकाला कळतं. पाणी रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन बरंचसं उडतं, क्लोरामीन उडत नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून २५ लिटर पाण्यात ढवळा, काही मिनिटांत काम होतं. मॅशचं (म्हणजे माल्ट भिजवायचं गरम पाणी) आणि नंतर माल्ट धुवायचं, दोन्ही पाणी असं तयार करा. पुष्कळ जण पहिल्यालाच गोळी घालतात आणि मग वास कुठून आला म्हणून शोधत बसतात. क्लोरीनवाल्या पावडरीनं भांडी धुतली असतील तर दोन-तीनदा खळखळून धुवा.

घशात रेंगाळणारा कडूपणा

लंडनचं पाणी जड आहे, त्यात बायकार्बोनेट भरपूर. ते मॅशचा पीएच वर ढकलतं, माल्टच्या सालीतला तुरटपणा उतरतो आणि हॉप्सचा कडूपणा खरखरीत लागतो. मॅशचा पीएच ५.२ ते ५.५ मध्ये हवा. पाणी आदल्या दिवशी पंधरा मिनिटं उकळून गार करा, खाली बसलेला पांढरा थर सोडून वरचं पाणी वापरा. किंवा लॅक्टिक ॲसिड थेंबाथेंबानं घालत पीएच मोजा. मँचेस्टरचं पाणी याच्या उलट, अगदी मऊ. तिथे बिटर मिळमिळीत लागते, कारण बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पाण्यात निसर्गतः असलेलं जिप्सम त्यात नाही. २५ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम पुरे. शेजारच्या शहरातल्या माणसाचं मोजमाप तसंच उचलू नका. पाणी कंपनीचा अहवाल आधी बघा.

मॅश ६६ ते ६७ अंशांवर एक तास. १० लिटर पाणी ७४ अंशांच्या आसपास घेतलं की माल्ट घातल्यावर साधारण तिथे येतं, मात्र भांडं आधी गरम केलेलं हवं. ७० च्या वर गेलात तर न आंबणारी साखर जास्त उरते आणि घनता १.०१६ वर अडकते. मग लोक नाहक यीस्टला दोष देतात.

केळ्याचा वास, लोण्याचा वास

खोली २० अंशांवर म्हणजे बिअर २० अंशांवर, ही समजूत चुकीची. आंबताना वॉर्ट (माल्टचं गोड पाणी) स्वतः तापतं आणि पहिल्या दोन दिवसांत खोलीपेक्षा ३-४ अंश वर जातं. २४ अंशांवर केळ्याचा, त्याहून वर नेलपॉलिशसारखा वास येतो. म्हणून तापमानाची पट्टी फर्मेंटरवरच (आंबवायच्या भांड्यावरच) चिकटवा. यीस्ट घालताना वॉर्ट १८ वर आणा, पहिले तीन दिवस २० च्या पुढे जाऊ देऊ नका. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओला टॉवेल गुंडाळला तरी जमतं.

लोणी किंवा टॉफीसारखा वास म्हणजे डायॲसिटिल. इंग्लिश यीस्ट पटकन तळाशी बसतं, हे त्याचं वैशिष्ट्य आणि हीच अडचण. डायॲसिटिल परत शोषून घ्यायला यीस्ट बिअरमध्ये तरंगत असायला हवं. घनता १.०१५ च्या खाली आली की तापमान २१ पर्यंत चढू द्या, फर्मेंटर हलकेच गोल फिरवून गाळ उचला, दोन-तीन दिवस थांबा. खात्रीसाठी दोन ग्लासांत नमुना घ्या. एक झाकून गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, वीस मिनिटं ठेवा, मग गार करून दुसऱ्याशी ताडून बघा. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर अजून भरायची नाही.

बाटल्या फुटणं आणि फसफसणं

एअरलॉकमधले (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. झाकणाच्या फटीतूनही वायू निघून जातो. हायड्रोमीटरचा (घनता मोजायच्या उपकरणाचा) आकडा तीन दिवस तोच आला तरच बाटल्या भरा. त्याआधी भरलेल्या काचेच्या बाटल्या फुटतात आणि तुकडे लांबवर उडतात. ही चूक खरोखर धोक्याची आहे. पहिल्यांदा करत असाल तर जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या.

बिअरच्या तयार किटवर लिहिलेली साखर बहुधा लागरच्या हिशोबाची असते. बिटरला २० लिटरमागे ७० ते ७५ ग्रॅम साधी साखर पुरते. १२० ग्रॅमनं जिभेला टोचणारा सोडा होतो. साखर पाण्यात उकळून आधी बादलीत ओता, वर नळीनं बिअर सोडा. नळीचं टोक तळाशी बुडलेलं असू द्या. या टप्प्यावर हवा मिसळली तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. (यीस्ट घालण्यापूर्वी मात्र वॉर्ट चांगलं घुसळायचंच, तेव्हा ऑक्सिजन हवा असतो.) पारदर्शक बाटल्या टाळा, उजेडात हॉप्स सडका वास सोडतात.

दोन आठवडे २० अंशांच्या खोलीत, मग दोन आठवडे गार जागी. आणि फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. ४ अंशांवर गोल्डिंग्जचा सुगंध येतच नाही. ११ ते १३ अंशांवर, तळाचा गाळ बाटलीतच ठेवून, एका धारेत ओता.